विषाणु-प्रथिनांचे सूक्ष्मजंतूंमधील उत्पादन व लसनिर्मिती

एखाद्या विषाणूच्या (व्हायरसाच्या) आवरणातील प्रथिनाचा जीन पुनःसंयोगित डीएनए तंत्राने सूक्ष्मजंतूच्या कोशिकेत (पेशीत) घालून ते प्रथिन तिच्याकडून तयार करवून घेणे आणि शुद्ध केलेले प्रथिन लस म्हणून वापरणे, या पद्धतीचा इतिहास सुमारे अर्धशतकाचा आहे. या कामी मुख्यत्वे मानवाच्या आतड्यात वास्तव्य करणाऱ्या एशेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूचा उपयोग करण्यात येतो. अशा लशीत संपूर्ण विषाणू नसतो व त्याच्या प्रजननास लागणारे न्यूक्लिइक अम्लही नसते. त्यामुळे लशीपासूनच रोग होण्याचा धोका राहत नाही. कल्पना सरळ असली, तरी ती व्यवहारात उतरण्यास दीर्घ काळ लागला. सूक्ष्मजंतूंनी तयार केलेल्या विषाणु-प्रथिनाने जनावरांचे रोगापासून संरक्षण होते, हे १९८१ मध्ये दिसून आले. परंतु या मार्गाने तयार केलेली मानवी लस अधिकृतपणे मान्य होण्यास २०११ साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत संशोधकांना जे शिकावे लागले, त्याचे सार असे की, प्रथिनाची साखळी तयार करणे आणि त्या साखळीस योग्य आकार प्राप्त होणे या दोन भिन्न गोष्टी असून शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा मुख्यत्वे आकार ओळखते.

पार्श्वभूमी : विषाणूंविरुद्धच्या जुन्या लशी तयार करण्यासाठी प्रथम विषाणू वाढवावा लागे. त्याकरिता जिवंत प्राणी, कोंबडीच्या अंड्यातील भ्रूण व १९४९ नंतर ऊतकसंवर्धन यांचा अवलंब होऊ लागला. वाढविलेला विषाणू रसायनांनी निष्क्रिय करून अथवा त्याचे दौर्बल्य घडवून आणून लस तयार होई. या पद्धतीने देवी, पोलिओ, गोवर यांसारख्या रोगांवर मोठे विजय मिळाले. तथापि तिच्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे, निष्क्रियीकरण अपुरे राहिल्यास लसच रोगास कारण होई. १९५५ मध्ये अमेरिकेत पोलिओ लशीच्या काही साठ्यांतील विषाणू जिवंत राहिल्याने अनेक मुलांना पक्षाघात झाला. दुसरी अडचण अशी की, काही विषाणू प्रयोगशाळेत वाढतच नसत.

यकृतशोथ ब (एक प्रकारची कावीळ) या रोगाचा विषाणू हे या दुसऱ्या अडचणीचे ठळक उदाहरण होय. बारूक ब्लंबर्ग यांना १९६० नंतरच्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात एक प्रतिजन (ज्याच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते असा पदार्थ) आढळला. तो या विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन असल्याचे पुढे स्पष्ट झाले व ब्लंबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. संपूर्ण विषाणूचा व्यास सुमारे ४२ नॅनोमीटर असतो. परंतु रोगवाहकाच्या रक्तात केवळ पृष्ठ-प्रथिनाचे बनलेले, सुमारे २२ नॅनोमीटर व्यासाचे, न्यूक्लिइक अम्लविरहित कण विपुल प्रमाणात तरंगत असतात. मॉरिस हिलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगवाहकांच्या रक्तद्रवातून हे कण वेगळे केले व पेप्सीन, यूरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांची प्रक्रिया करून त्यांपासून लस तयार केली. तिला अमेरिकेत १९८१ मध्ये मान्यता मिळाली. ही लस गुणकारी होती. पण तिचा कच्चा माल म्हणजे रोगवाहक माणसाचे रक्त होते. त्याचा पुरवठा मर्यादित व लस महाग होती. त्यातच १९८१ मध्येच एड्स या रोगाचे प्रथम वर्णन झाले. लशीवर केलेल्या प्रक्रियांनी सर्व ज्ञात विषाणू नष्ट होत असले, तरी रक्तापासून बनविलेल्या लशीविषयी डॉक्टर व जनता या दोहोंच्या मनात भीती बसली. रक्ताशिवाय हे प्रथिन मिळविण्याची निकड त्यामुळे वाढली.

पहिले प्रयोग : स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनी १९७३ मध्ये परका डीएनए खंड प्लाझ्मिडात (सूक्ष्मजंतूतील लहान वर्तुळाकार डीएनएत) जोडून तो एशेरिकिया कोलायमध्ये वाढविता येतो, हे दाखविले. जननिक संकेतावली सर्व सजीवांत जवळजवळ सारखीच असल्याने सूक्ष्मजंतू परक्या जीनचे वाचन करून त्याचे प्रथिन बनवील, अशी अपेक्षा होती. १९७७ मध्ये सोमॅटोस्टॅटीन हे अवघ्या १४ ॲमिनो अम्लांचे हॉर्मोन या रीतीने तयार करण्यात आले. त्याच वेळी एक अडचणही पुढे आली : परके लहान प्रथिन सूक्ष्मजंतूतील एंझाइमे लगेच नष्ट करीत. म्हणून ते सूक्ष्मजंतूच्या स्वतःच्या एखाद्या मोठ्या प्रथिनाला जोडून तयार करण्याची युक्ती योजण्यात आली. १९७८ मध्ये मानवी इन्शुलीन तयार झाले व १९८२ मध्ये ते औषध म्हणून मान्य झाले. या यशामुळे लशींविषयीच्या आशा उंचावल्या.

यकृतशोथ ब विषाणूच्या जीनसंचात केवळ ३,२०० च्या आसपास क्षारक-जोड्या आहेत. १९७९ च्या सुमारास तीन गट त्याच्या मागे होते : एडिंबरो येथील केनेथ मरी यांचा, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील प्येर त्यॉले यांचा व सॅन फ्रॅन्सिस्को येथील विल्यम रटर यांचा. मरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये विषाणूचे डीएनए खंड प्लाझ्मिडावरील पेनिसिलिनेज या एंझाइमाच्या जीनमध्ये घातले आणि सूक्ष्मजंतूत विषाणूचा प्रतिजन तयार होत असल्याचे दाखविले. विषाणूच्या गाभ्याचे प्रथिन सूक्ष्मजंतूंत चांगले तयार झाले. एवढेच नव्हे, तर त्याचे रेणू आपोआप एकत्र येऊन कण बनत असल्याचे १९८२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसले. रोगनिदानाच्या चाचण्यांसाठी हे प्रथिन उपयोगी ठरले. परंतु संरक्षक लशीसाठी जे हवे होते ते पृष्ठ-प्रथिन मात्र सूक्ष्मजंतूकडून समाधानकारक रीत्या मिळेना.

लाळ्या खुरकूत रोगावरील लस : या काळातील सर्वांत गाजलेला प्रयोग गुरांच्या लाळ्या खुरकूत रोगासंबंधीचा आहे. या रोगावरील प्रचलित लस जिवंत विषाणू प्रचंड प्रमाणात वाढवून व नंतर तो निष्क्रिय करून तयार होते. त्यामुळे विषाणू कारखान्यातून निसटण्याची भीती कायम असते. २००७ मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात उद्‌भवलेल्या साथीचे मूळ पर्ब्राइट येथील संशोधन व लसनिर्मितीच्या परिसरातच सापडले, यावरून ही भीती अनाठायी नसल्याचे दिसते. अमेरिकेत या विषाणूवरील काम न्यूयॉर्कनजीकच्या प्लम बेटावरील केंद्रापुरते मर्यादित ठेवण्यात आले होते. या केंद्रातील हॉवर्ड बॅक्रॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूच्या कवचातील एकच प्रथिन वेगळे करून टोचले असता डुकरांत प्रतिकारक्षमता येते, असे १९७५ मध्ये दाखविले होते. या विषाणूचे न्यूक्लिइक अम्ल आरएनए प्रकारचे असल्याने प्रथम त्यावरून डीएनए प्रत तयार करावी लागली. ते व्युत्क्रम प्रतिलेखन करणाऱ्या एंझाइमामुळे साध्य झाले. जेनेंटेक ही कंपनी व प्लम बेटावरील केंद्र यांनी मिळून त्या प्रथिनाचा जीन एशेरिकिया कोलायच्या ट्रिप्टोफॅननिर्मितीच्या नियंत्रक खंडापुढे जोडला. माध्यमातील ट्रिप्टोफॅन कमी होताच उत्पादन सुरू होई आणि कोशिकेतील एकूण प्रथिनापैकी सु. १७ टक्के प्रथिन विषाणूचे असे. हे प्रथिन सहा गुरांना व दोन डुकरांना टोचल्यावर त्यांच्यात विषाणूस निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे निर्माण झाली व रोगापासून त्यांचे संरक्षण झाले. हे निष्कर्ष १९८१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले.

लसनिर्मितीचे नवे युग सुरू झाल्याचे तेव्हा सर्वत्र मानले गेले. प्रत्यक्षात ही लस बाजारात आली नाही. या रोगाच्या विषाणूचे सात प्रमुख प्रकार असून एका प्रकाराची लस दुसऱ्यापासून संरक्षण देत नाही. याहून मूलभूत अडचण म्हणजे, एकट्या प्रथिनाची प्रतिकारक्षमता निर्माण करण्याची शक्ती संपूर्ण निष्क्रिय विषाणूच्या मानाने फारच कमी होती. १९८९ मध्ये क्ष-किरण स्फटिकविज्ञानाच्या साहाय्याने विषाणूची संरचना उलगडली, तेव्हा त्याचे कारण अधिक स्पष्ट झाले. विषाणूच्या कवचावर शेजारशेजारची प्रथिने मिळून विशिष्ट उंचवटे व वळणे बनतात आणि अनेक प्रतिपिंडे या संयुक्त आकारालाच चिकटतात. सुटी साखळी हा आकार धारण करू शकत नाही.

आकाराचा प्रश्न : यकृतशोथ ब विषाणूचे पृष्ठ-प्रथिन सूक्ष्मजंतूंत का जमले नाही, याचे स्पष्टीकरणही याच दिशेने मिळते. या प्रथिनाचे काही भाग जलद्वेषी असून नैसर्गिक कणात ते मेदद्रव्यात रुतलेले असतात. शिवाय त्यात सिस्टीन या ॲमिनो अम्लाचे अनेक घटक असून त्यांच्या गंधक-अणूंमधील बंधांनी साखळी ठरावीक ठिकाणी बांधली जाते. एशेरिकिया कोलायच्या कोशिकाद्रव्यात असे बंध सहसा तयार होत नाहीत. प्राण्यांच्या कोशिकांत प्रथिनाची घडी घालणारी व त्यास शर्करा जोडणारी जी अंतःस्तर-यंत्रणा असते, ती सूक्ष्मजंतूंत नसते. परिणामी उत्पादन अल्प होई, ते सूक्ष्मजंतूच्या वाढीसही बाधक ठरे व जे प्रथिन मिळे त्याचे कण बनत नसत.

यीस्ट हा एककोशिकीय सजीव असला, तरी त्याच्या कोशिकेची रचना प्राण्यांच्या कोशिकेशी मिळतीजुळती आहे. पाब्लो व्हालेंझ्वेला, रटर, बेंजामिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हाच जीन यीस्टमध्ये घातला, तेव्हा रक्तातील कणांसारखेच २२ नॅनोमीटरचे कण मिळाले. त्यापासून तयार झालेली लस २३ जुलै १९८६ रोजी अमेरिकेत मान्य झाली. मानवासाठीची ही पहिली पुनःसंयोगित लस होय. भारतात हैदराबाद येथील शांता बायोटेक्निक्स या कंपनीने १९९७ मध्ये यीस्टवर आधारलेली लस बाजारात आणली व आयात लशीची मक्तेदारी संपली. पुढे २०११ पासून ही लस देशभरातील सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट झाली.

दरम्यान सूक्ष्मजंतूंचा मार्ग सोडून देण्यात आला नव्हता. त्यांची वाढ अतिशय जलद असते. अनुकूल परिस्थितीत दर वीस मिनिटांस त्यांची संख्या दुप्पट होते. माध्यम स्वस्त असते व किण्वनपात्राची व्यवस्था सुटसुटीत असते. मुख्य अडथळा असा की, परके प्रथिन विपुल तयार झाले म्हणजे बहुधा त्याचे अविद्राव्य गोळे कोशिकेत साचतात. लाळ्या खुरकूत विषाणूचे प्रथिनही असेच अविद्राव्य होते. हे गोळे यूरिया किंवा ग्वानिडीन यांच्या संहत (जास्त प्रमाण असलेल्या) विद्रावात विरघळवून साखळ्या सुट्या करता येतात व मग ते द्रव्य हळूहळू काढून घेतल्यास काही प्रथिने पुन्हा योग्य घडी धारण करतात. घडीची माहिती ॲमिनो अम्लांच्या क्रमातच असते, असे क्रिस्टियन अँफिन्सन यांनी दाखविले होते व त्याबद्दल त्यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले होते. तेव्हा प्रश्न असा राहिला की, शर्करा व मेद यांच्या मदतीशिवाय स्वतःच घडी घालून कण बनविणारे विषाणु-प्रथिन कोणते?

यकृतशोथ ई व भारत : या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ज्या रोगाने दिले, त्याचा भारताशी निकटचा संबंध आहे. दिल्लीत १९५५–५६ मध्ये यमुनेच्या दूषित पाण्यामुळे काविळीची प्रचंड साथ येऊन सु. २९,००० लोक आजारी पडले. १९७८ मध्ये काश्मीरमध्ये अशीच साथ आली. तिचा अभ्यास करणारे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांना गरोदर स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण विलक्षण जास्त असल्याचे आढळले. पुणे येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी) व अमेरिकेतील संशोधकांनी भारतातील जुन्या साथींचे रक्तनमुने तपासून हा रोग यकृतशोथ अ किंवा ब नसल्याचे १९८० मध्ये सिद्ध केले. १९८१ मध्ये कोल्हापूर शहरात आलेल्या जलजन्य काविळीच्या साथीचा अभ्यासही याच संस्थेने केला. १९८३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ मिखाइल बालायान यांनी रुग्णांच्या मळाचा गाळलेला अर्क स्वतः प्राशन करून रोग ओढवून घेतला व आपल्या मळात विषाणूचे कण दाखविले. १९९० मध्ये या विषाणूच्या जीनसंचाचा अंश हाती आला व त्यास यकृतशोथ ई विषाणू हे नाव रूढ झाले. गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत हा रोग झालेल्या स्त्रियांपैकी २० ते २५ टक्क्यांपर्यंत दगावू शकतात. त्यामुळे लशीची गरज वादातीत होती. पण हा विषाणू ऊतकसंवर्धनात सहजी वाढत नाही.

या विषाणूचे कवच ६६० ॲमिनो अम्लांच्या एकाच प्रथिनापासून बनते. कीटकांच्या कोशिकांत तयार केलेल्या अशा प्रथिनाची लस नेपाळच्या सैनिकांवर तपासण्यात आली व तिची परिणामकारकता सु. ९५ टक्के असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि ती बाजारात आणली गेली नाही. चीनमधील श्यामेन विद्यापीठात निंगशाव श्या व त्यांच्या सहकाऱ्यांनी एशेरिकिया कोलायचाच अवलंब केला. प्रथम त्यांनी प्रथिनाचा ३९४ ते ६०६ या क्रमांकांच्या ॲमिनो अम्लांचा तुकडा घेतला. प्रतिपिंडे त्यास चिकटत. परंतु त्याच्या केवळ जोड्या बनत व लस म्हणून तो दुबळा ठरला. मग त्याच्या आरंभी आणखी २६ ॲमिनो अम्ले ठेवून ३६८ ते ६०६ असा २३९ ॲमिनो अम्लांचा तुकडा तयार करण्यात आला. तोही सूक्ष्मजंतूत अविद्राव्य गोळ्यांच्या रूपातच साचे; पण यूरियात विरघळवून यूरिया काढून घेतल्यावर त्याचे विषाणुसदृश कण बनले आणि त्याची प्रतिकारक्षमता निर्माण करण्याची शक्ती अनेक पटींनी वाढली. संरक्षक भाग दोन्ही तुकड्यांत होता. फरक पडला तो कण बनण्याने.

चीनच्या जिआंगसू प्रांतात १६ ते ६५ वर्षे वयाच्या १,१२,६०४ व्यक्तींवर या लशीची चाचणी घेण्यात आली. निम्म्या लोकांना ही लस व निम्म्यांना यकृतशोथ ब वरील लस प्रत्येकी तीन मात्रांत देण्यात आली. तिसऱ्या मात्रेनंतरच्या वर्षभराच्या निरीक्षणकाळात दुसऱ्या गटात यकृतशोथ ई चे १५ रुग्ण आढळले, तर पहिल्या गटात एकही आढळला नाही. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. साडेचार वर्षांच्या निरीक्षणानंतर परिणामकारकता ८६·८ टक्के भरली. २०११ च्या डिसेंबरात लशीला चीनमध्ये मान्यता मिळाली.

गर्भाशय-ग्रीवेच्या कर्करोगावरील लस : मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे हा कर्करोग होतो, हे हॅराल्ड त्सूर हाउझेन यांच्या संशोधनाने प्रस्थापित झाले (नोबेल पारितोषिक, २००८). या विषाणूच्या कवचातील प्रमुख प्रथिनाचे रेणू पाच-पाचच्या गटांनी एकत्र येतात आणि असे ७२ गट मिळून कण बनतो. ऑस्ट्रेलियात जियान झाऊ व इअन फ्रेझर यांनी १९९१ मध्ये असे रिकामे कण प्रयोगशाळेत प्रथम तयार केले. त्यावर आधारलेल्या पहिल्या लशींपैकी २००६ मध्ये मान्य झालेली लस यीस्टमध्ये व तिच्यानंतरची कीटकांच्या कोशिकांत तयार करण्यात आली. श्यामेनच्या गटाने हे प्रथिनही एशेरिकिया कोलायमध्ये तयार करून त्याचे कण जुळवून आणले. त्यांची लस चीनमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये मान्य झाली व २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला पूर्वपात्रता दिली. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली व भारतात २०२२ मध्ये मान्य झालेली याच रोगावरील लस मात्र यीस्टमध्ये तयार होते. एकाच प्रथिनासाठी भिन्न सजीव वापरता येतात, हे यावरून दिसून येते.

गुण व मर्यादा : सूक्ष्मजंतूत तयार केलेले प्रथिन वापरताना त्या सूक्ष्मजंतूच्या बाह्य पटलातील विषारी मेद-शर्करायुक्त द्रव्य काटेकोरपणे काढून टाकावे लागते, अन्यथा ताप व तीव्र प्रतिक्रिया संभवतात. शुद्ध प्रथिन एकटे पुरेसे प्रभावी नसल्याने ॲल्युमिनियमाच्या संयुगांसारखे साहाय्यक द्रव्यही मिसळावे लागते. ज्या विषाणूंच्या पृष्ठ-प्रथिनांवर शर्करेचे दाट आच्छादन असते किंवा ज्यांना मेदाचे वेष्टन असते, त्यांच्या बाबतीत सूक्ष्मजंतूंचा उपयोग मर्यादित राहतो. याउलट ज्या विषाणूंचे कवच मेदाच्या वेष्टनाविना केवळ प्रथिनाचे असते व ते आपोआप जुळते, त्यांच्यासाठी ही पद्धत विशेष अनुकूल आहे.

लस तयार होणे व ती गरजूंपर्यंत पोहोचणे यांतही अंतर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये यकृतशोथ ई ची लस साथीच्या वेळी वापरण्याचा विचार करावा, असे सुचविले होते. परंतु तसा पहिला वापर २०२२ मध्ये दक्षिण सूदानमधील बेंतियू येथील विस्थापितांच्या छावणीत झाला. लशीला मान्यता मिळून तेव्हा दहा वर्षे लोटली होती. तेथे लस देण्यात आलेल्यांत गरोदर स्त्रियांचाही समावेश होता. काश्मीरमधील साथीत ज्यांच्यावरील संकट सर्वांत आधी नजरेस आले होते, त्याच या रोगाच्या सर्वांत मोठ्या बळी होत. शुद्ध पाण्याचा पुरवठा हा या रोगावरील मूळ उपाय आहे. परंतु जेथे तो तातडीने शक्य नसतो, तेथे सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने तयार केलेले हे प्रथिन प्राणरक्षक ठरू शकते.